काळ्या मातीत हराळीचं लॉन: लव्हाळ्यापासून सुरुवात

जुळे सोलापुरातली घरापुढची 500 चौरस फूट जागा, खाली काळी माती, वर बांधकामाचा राडारोडा. इथे लॉन धरायचं तर गवत कोणतं हे नंतर बघावं, आधी लव्हाळा, म्हणजे जमिनीत गाठी धरणारं तण, किती आहे ते बघावं. घोळ, केना, दुधी, गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटत राहिलं की आटोक्यात येतं. लव्हाळ्याची पात ओढली की तुटून हातात येते, गाठ जमिनीतच राहते आणि पुन्हा फुटते.

म्हणून आम्ही एप्रिलमध्येच वीतभर खोल खणून ढेकळं उलटी टाकली. सोलापूरच्या उन्हात उघड्यावर आलेल्या गाठी वाळून मरतात. मग पाणी सोडून उरलेला लव्हाळा मुद्दाम उगवू दिला आणि चार-पाच पानांवर येताच खुरप्याने गाठीसह काढला. जूनपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. प्लास्टिक अंथरून माती तापवली तर तणाचं बी मरतं, पण खोलवरच्या गाठी वाचतात.

तण बहुतेक वेळा आपणच विकत आणतो. कच्च्या शेणखतात बी असतं. पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं खतच चौरस मीटरला 3-4 किलो मिसळावं. तयार लॉनची चटई घेतली तर उलटी करून गाठी शोधाव्यात. आम्ही चटई टाळून हराळीच लावली. शेतकरी तिला तण म्हणून वैतागतो, पण आपल्या उन्हाला आणि पाणीटंचाईला तीच टिकते. पाऊस लागला की दोन-तीन पेरांच्या काड्या 10 सेंटीमीटरवर टोचायच्या.

पुढचं काम हराळीच करते, तिला दाट होऊ दिलं तर. कापणी 3-4 सेंटीमीटरवर, उन्हाळ्यात 5 वर, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही. खरवडून कापलं की जमीन उघडी पडते, ऊन पोचतं आणि तिथेच तण उगवतं. रोज थोडं पाणी हे तर लव्हाळ्याचं खाद्य. एकदाच भरपूर द्यावं, वरची माती सुकल्यावरच पुन्हा. पावसाळ्यात 500 चौरस फुटांना 1 किलो अमोनियम सल्फेट पुरतं. चुनखडीच्या जमिनीत ते युरियापेक्षा बरं. टाकल्यावर लगेच पाणी द्यावं, नाहीतर पाती करपतात.

नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, हे लोह कमी पडल्याचं लक्षण. चुनखडीत हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग नाही, लिटरला 5 ग्रॅम घालून संध्याकाळी फवारावं. शहाबादी फरशी आधी झाकावी. डाग निघत नाहीत.

तरीही लव्हाळा उरलाच तर उसातल्या लव्हाळ्यासाठीचं हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक वापरावं. त्याची मात्रा एकरी 36 ग्रॅम, म्हणजे एवढ्या जागेला अर्ध्या ग्रॅमहून कमी. सराफी काट्याशिवाय मोजू नये. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक हराळीलाही मारतं. टू-फोर-डी या तणनाशकाचा तुषार वाऱ्याने गेला तर शेजारच्या गुलाबाची, टोमॅटोची पानं वाकडी होतात, म्हणून वस्तीत ते नकोच.

एप्रिल-मेमध्ये टाकी रिकामी असेल तर हराळी वाळू द्यावी. कांडं नखाने खरवडावं. आत हिरवट ओल दिसली तर पहिल्या पावसात ती फुटते, नवी लावायची गरज नाही.