कितीला पडला?

मराठीत ‘पडणे’ हे क्रियापद खरेदीलाही चालते आणि घसरणीलाही. आंब्याची पेटी घरात आली की ‘कितीला पडली?’ असे विचारले जाते, आणि शेअर बाजाराच्या बातम्यांत भाव पडलेलाच असतो. माझ्याकडचा एक शेअर दोन्ही अर्थांनी पडलेला आहे.

त्याचे पहिले 100 शेअर मी 400 रुपयांना घेतले, भाव 200 वर आला तेव्हा आणखी 100, आणि 100 वर आला तेव्हा पुन्हा 100. मोबाइलवर सरासरी भाव 400 वरून 300 आणि तिथून 233 रुपये 33 पैशांवर उतरताना पाहण्यात घरातल्या माणसाचा ताप उतरताना पाहिल्याचे समाधान होते. पहिल्या खरेदीवरच थांबलो असतो तर 100 च्या भावाला माझा तोटा 30,000 रुपयांचा असता. सरासरी उतरवण्याच्या नादात मी तो 40,000 वर नेला होता, पण तो आकडा शेजारच्या रकान्यात होता आणि तिकडे मी सहसा पाहत नसे.

‘माझा भाव’ ही चीज बाजाराला ठाऊकच नसते, हे कळायला मला फार वर्षे लागली. दुसरा एक चांगला चाललेला शेअर मी 90 ला घेतला होता. तो 140 झाल्यावर पुन्हा घ्यावासा वाटूनही ‘आपली सरासरी बिघडेल’ म्हणून घेतला नाही. म्हणजे बिघडलेल्या धंद्यात मी पैसे ओतत होतो आणि चाललेल्या धंद्याला हात आखडता घेत होतो, आणि दोन्ही वेळी स्वतःला शिस्तीचा गुंतवणूकदार समजत होतो.

पडत्या भावात घेणे मुळातच चूक, असे मात्र नाही. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळून 25,981 वर बंद झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो आधीच्या उच्चांकाच्याही वर गेला. त्या काळात ज्यांनी निर्देशांक फंडाचे, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडाचे, हप्ते चालू ठेवले त्यांना सरासरीने हात दिला. पण निर्देशांकातून रोडावलेल्या कंपन्या काढून नव्या घेतल्या जातात. एकट्या कंपनीला अशी सोय नाही; तिचा शेअर 400 ला परत यावा असा कुठलाही नियम नाही.

गेल्या वर्षी माझ्या त्या पडलेल्या शेअरचा भाव 150 झाला तेव्हा मी 100 शेअर विकले. आयकर सरासरी मानत नाही: शेअर जिथे जमा असतात त्या डिमॅट खात्यात जे आधी आले ते आधी गेले, असा हिशेब असतो. त्यामुळे 400 चे 100 शेअर गेले आणि 25,000 रुपयांचा तोटा विवरणपत्राच्या वाटेला लागला. मोबाइलवरचा हिशेबही याच रीतीचा, म्हणून उरलेल्या 200 शेअरची सरासरी दुसऱ्या दिवशी बरोबर 150 दिसू लागली आणि इतक्या वर्षांचा लाल आकडा शून्यावर आला.

बाबा आपली प्रत्येक खरेदी अजून डायरीत वेगळ्या ओळीवर लिहितात आणि सरासरी कधीच काढत नाहीत. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “कितीला पडला रे तुला तो?”

“दीडशेला,” मी म्हणालो.