रविवारी पिंगुळी
मे महिन्यात गावी आलं की पोरं पडवीत मोबाईल घेऊन लोळत असतात. म्हणून काल सगळ्यांना रिक्षात कोंबून कुडाळजवळच्या पिंगुळीला नेलं. लोककलावंत परशुराम गंगावणे (२०२१ चे पद्मश्री) यांनी चक्क गोठ्यात उभं केलेलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय बघायला.

चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला. तिच्यातल्या राक्षसांचे ते टपोरे डोळे! दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथा पुढे सरकली की पान उलटायचं. चामड्याच्या बाहुल्या हातात साध्याच वाटतात, पडद्यामागे दिवा लागला की रामायण सुरू. भाचा म्हणतो, “मामा, हे रिवाइंड होतं का?”

उकाडा मरणाचा होता, पण एकानेही मोबाईल काढला नाही. (मीच काढला, फोटोंसाठी.)

मालवणला जाणाऱ्यांनो, तासभर इथे थांबाच. मासे कुठे पळून जात नाहीत!