टीएलपी काढले, तरी बॅटरी ८० वरच

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या लॅपटॉपवरून मी टीएलपी हे बॅटरी वाचवणारे सॉफ्टवेअर काढून टाकले. त्याच्या थिंकपॅडवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे, आणि बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच ते बसवून दिले होते. आता मात्र त्याला वरच्या मेनूतून 'परफॉर्मन्स' किंवा 'पॉवर सेव्हर' हा मोड स्वतः निवडायचा होता. टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट रिमूव्ह टीएलपी' ही आज्ञा दिली, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि त्याच्या हाती सोपवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, मोड कुठेच दिसत नाहीत, आणि तीन तास चार्जर लावलाय तरी बॅटरी ८० च्या पुढे सरकत नाही. बॅटरी गेली का?"

बॅटरी ठणठणीत होती. माझेच काम अर्धवट राहिले होते.

मोडचा उलगडा लवकर झाला. उबुंटूच्या मेनूतील मोड 'पॉवर प्रोफाइल्स डीमन' हा प्रोग्राम पुरवतो, आणि तो व टीएलपी कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, त्याच सेटिंगमध्ये फेरफार करत असल्याने दोघे एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणूनच टीएलपी बसवताना ॲप्टने, म्हणजे उबुंटूत प्रोग्राम बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाने, तो काढून टाकला होता. काय काढले जाणार याची यादी ॲप्ट आधी दाखवते, पण ती न वाचता 'वाय' दाबण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते आणि मलाही होती. शिवाय टीएलपी काढल्यावर जुना प्रोग्राम ॲप्ट आपणहून परत आणत नाही. अलीकडच्या व्यवहारांची नोंद ॲप्टच्या लॉग फोल्डरमधील 'हिस्टरी डॉट लॉग' या फाइलमध्ये राहते. शंका असेल तेव्हा तीच उघडून पाहावी. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॉवर-प्रोफाइल्स-डीमन' केल्यावर मोड परत आले.

८० चा आकडा मात्र समजून घेण्यासारखा आहे. टीएलपी हा सतत जागा राहून राखण करणारा प्रोग्राम नव्हे. लॅपटॉप सुरू होताना, चार्जर लावताना किंवा काढताना तो ठरलेली मूल्ये लिहितो आणि बाजूला होतो. त्यांपैकी बहुतेक मूल्ये कर्नलच्या ताब्यात असतात आणि रीस्टार्ट केल्यावर पुसली जातात. चार्जिंगची मर्यादा तशी नाही. मी टीएलपीच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ७५ ला चार्जिंग सुरू आणि ८० ला बंद असे लिहिले होते, आणि थिंकपॅडमध्ये हे आकडे मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलर या छोट्या चिपमध्ये साठवले जातात. सॉफ्टवेअर गेले, रीस्टार्ट झाला, तरी कंट्रोलरला त्याची खबर नसते.

भावाकडे जाऊन सिस्टिम फाइलींमधील बॅटरीच्या फोल्डरात 'चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड' ही फाइल 'कॅट' आज्ञेने उघडली. तीत एकच ओळ होती: ८०. 'एको' आणि 'सुडो टी' या आज्ञा वापरून तिथे १०० आणि शेजारच्या 'चार्ज कंट्रोल स्टार्ट थ्रेशोल्ड' या फाइलमध्ये ७५ च्या जागी ९६ लिहिले, आणि काही क्षणांत चार्जिंगचा दिवा लागला. टीएलपी अजून लॅपटॉपवर असते, तर चार्जर लावून 'सुडो टीएलपी फुलचार्ज' एवढे म्हणणे पुरले असते. म्हणून ही आज्ञा काढण्याच्या आधी द्यावी, नंतर नव्हे.

शेवटी 'डीपीकेजी' ची, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांची, यादी पाहिली. टीएलपीच्या नावापुढे 'आरसी' ही अक्षरे होती, म्हणजे पॅकेज गेले पण कॉन्फिग फाइल शिल्लक. 'रिमूव्ह' ने ती मुद्दाम ठेवली जाते, आणि पुन्हा टीएलपी बसवण्याचा विचार असेल तर ते सोयीचेच आहे. भावाला ते नको होते, म्हणून 'सुडो ॲप्ट पर्ज टीएलपी' करून ती फाइलही काढली. टीएलपी बसवताना कोणी 'सिस्टिमडी आरएफकिल' च्या (वायफाय-ब्लूटूथची चालू-बंद स्थिती सांभाळणाऱ्या) सेवा 'मास्क', म्हणजे पूर्ण बंद, केल्या असतील, तर त्याही याच वेळी 'अनमास्क' कराव्यात. पॅकेज काढताना त्या आपोआप पूर्ववत होतील असे गृहीत धरू नये. मी निघालो तेव्हा पडद्यावर ९३ टक्के दिसत होते.