काउब्रिजची ग्रामर स्कूल: पैसा कोणाचा, बाकावर कोण?

दक्षिण वेल्समध्ये ग्लॅमॉर्गन परगण्यात काउब्रिज नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथे 1608 च्या सुमारास सेंट डोनाट्स गावच्या स्ट्रॅडलिंग या जमीनदार घराण्याने मुलांसाठी ग्रामर स्कूल, म्हणजे लॅटिन-ग्रीक शिकवून विद्यापीठासाठी तयार करणारी शाळा, काढली. अशा जुन्या शाळेचा इतिहास वाचताना हेडमास्तरांच्या यादीपासून सुरुवात करू नये. आधी खर्च कोण करत होतं ते बघावं. बाकावर कोण बसत होतं, हे त्यावरूनच ठरत आलंय.

एका घराण्याच्या जिवावर चालणारी शाळा त्या घराण्याबरोबरच डळमळते. 1640 च्या दशकात इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवीत स्ट्रॅडलिंग राजाच्या, म्हणजे हरणाऱ्या बाजूने उतरले. पुढे शाळेला आधार दिला तो तिच्याच एका विद्यार्थ्याने, सर लिओलाइन जेंकिन्स यांनी. 1661 मध्ये ते ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजचे प्राचार्य झाले आणि नंतर दुसऱ्या चार्ल्सचे मंत्री. शाळा त्यांनी आपल्याकडे घेतली आणि 1685 मध्ये वारले तेव्हा मृत्युपत्रात आपल्या मालमत्तेसह कॉलेजच्या नावे केली. माझ्या मते या शाळेच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. माणूस मरतो, घराणं बुडतं. कॉलेज टिकतं आणि जमिनीचा खंड दर वर्षी येत राहतो. सव्वादोनशेहून अधिक वर्षं शाळा या व्यवस्थेवर चालली. पण त्यामुळे ती ऑक्सफर्डकडे तोंड करून उभी राहिली. भर लॅटिन-ग्रीकवर, आणि जवळच्या कोळशाच्या खोऱ्यांत माणसांची रीघ लागली तरी तिथल्या पोरांना इथली वाट सोपी नव्हती.

(पवित्र क्रूस चर्चशेजारची, गावाच्या जुन्या वेशीला लागून असलेली शाळेची दगडी इमारत पाहून अनेकांना ती स्ट्रॅडलिंगांच्या काळातली वाटते. ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली, जॉन प्रिचर्ड या वास्तुकाराने गॉथिक शैलीत बांधलेली आहे.)

1889 च्या कायद्याने वेल्समधल्या परगण्यांना माध्यमिक शाळांसाठी पौंडामागे अर्धा पेनी कर बसवता आला. तेवढीच रक्कम सरकारी तिजोरीतून मिळे. त्याच लाटेत 1896 मध्ये काउब्रिजला मुलींची शाळा उघडली. मुलांची शाळा मात्र पहिलं महायुद्ध संपेपर्यंत कॉलेजकडेच राहिली, मग परगण्याकडे गेली.

1926 मध्ये खाणींच्या खोऱ्यातल्या क्युमामन गावचा एक मुलगा शिष्यवृत्तीवर इथे वसतिगृहात आला: कवी अलन लुइस. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून तो पुण्याच्या परिसरात होता. सह्याद्री आणि तिथला राबणारा शेतकरी त्याने ‘द मराठा घाट्स’ या कवितेत आणला. 1944 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर त्याचा मृत्यू झाला. मराठी वाचकाने ही शाळा लक्षात ठेवायला एवढं कारण पुरेसं आहे; अभिनेते अँथनी हॉपकिन्स इथे शिकले, हे त्यानंतर.

1944 च्या शिक्षण कायद्याने सरकारी ग्रामर शाळांची फी गेली, पण चाळणी राहिली. अकराव्या वर्षाच्या परीक्षेत मागे पडलेलं मूल सेकंडरी मॉडर्न या साध्या माध्यमिक शाळेत जाई आणि तिथून वर येणं अवघड असे. 1974 मध्ये मुलांची ग्रामर स्कूल, मुलींची शाळा आणि सेकंडरी मॉडर्न एकत्र करून सर्वांसाठी एकच शाळा झाली. जुन्या इमारतीत आता राहते फ्लॅट आहेत.