भेगा बघून बर्फ सांगता येतो का?

मंगळावर बर्फ सापडल्याची बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने येते आणि दर वेळी कोणीतरी मला व्हॉट्सॲपवर पाठवतंच, की बघ तुझ्या मंगळावर पाणी सापडलं, जसं काही मागच्या वेळी सापडलेलं वाहून गेलं. बर्फ आहे हे पक्कं आहे हो. मला मजा वाटते ती वेगळीच. तो बराचसा मातीखाली गाडलेला आहे, वरून दिसत नाही, आणि तरी लोकांनी आधी संशय घेतला तो नुसते जमिनीचे आकार बघून. आणि आकारांवर विश्वास ठेवणं म्हणजे अवघड काम.

भेगांचंच घ्या ना. एप्रिल-मेमध्ये निफाड-येवल्याकडच्या काळ्या रानात भेगा पडतात, चांगला हात आत जाईल अशा, आणि जमिनीचे पाच-सहा बाजूंचे तुकडे होतात. माती सुकली, आकसली, फाटली. आता अंधेरीचं गिल्बर्ट हिल बघा, तिथे बेसॉल्टचे उभे खांब आहेत, तेही पाच-सहा बाजूंचेच, पण तिथे सुकण्याचा काही संबंध नाही, लाव्हा थंड होताना आकसला म्हणून ते झाले. आणि सायबेरिया-अलास्कात बर्फ मुरलेली जमीन हिवाळ्यात अजून गार पडते, आकसते आणि तडकते, तिथेही तीच नक्षी. कारणं तीन, आकार एक.

आणि मंगळावर हे तिन्ही प्रकार आहेत! मार्टे व्हॅलिसमध्ये बेसॉल्टचे खांब दिसलेत, गेल क्रेटर या विवरात क्युरिऑसिटी रोव्हरला 'ओल्ड सोकर' नावाच्या लादीवर सुकलेल्या चिखलाच्या भेगा मिळाल्या, आणि उत्तरेच्या मैदानांत काही मीटर रुंदीचे बहुकोन मैलोन्‌मैल पसरलेत. म्हणजे फोटोत षटकोन दिसला की लगेच बर्फ म्हणून उडी मारायची सोय नाही. तुकडे केवढे आहेत, अक्षांश कुठला, शेजारी काय आहे, हे सगळं बघावं लागतं, आणि एवढं करूनही शेवटी दुसरा साक्षीदार लागतोच.

पहिला मोठा साक्षीदार 2002 मध्ये मिळाला. मार्स ओडिसी यान वरून न्यूट्रॉन मोजत होतं. अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण मातीवर आपटले की न्यूट्रॉन बाहेर उडतात, आणि मातीत हायड्रोजन असला, म्हणजे बहुधा पाण्यातलाच, तर त्यांचा वेग मंदावतो. ध्रुवांकडच्या भागात हायड्रोजन भरपूर निघाला. पण ही पद्धत वरच्या साधारण मीटरभराचंच सांगते.

मग 25 मे 2008 ला फिनिक्स लँडर 68 अंश उत्तरेला, बरोबर त्या बहुकोनांवरच उतरला. त्याच्या हाताने चर खणला तर काही सेंटीमीटरवरच कडक पांढरं काहीतरी लागलं. पांढरं म्हणजे बर्फच कशावरून, मीठही असेल की. पण चरात फाशाएवढे काही खडे पडले होते, ते साधारण चार दिवसांनी घेतलेल्या फोटोत गायब! मीठ काही असं उडून जात नाही. कार्बन डायऑक्साइडचा बर्फ त्या तापमानाला इतके दिवस टिकला नसता. उरला पाण्याचा बर्फ, जो तिथे वितळत नाही, हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे सरळ वाफ होऊन जातो. जुलैअखेर लँडरच्या भट्टीत माती तापवून पाण्याची वाफ निघाली तेव्हा शिक्कामोर्तब झालं, पण मला विचाराल तर केस खड्यांनीच जिंकली होती.

हळहळ वाटते ती व्हायकिंग 2 या जुन्या लँडरची. 1976 मध्ये ते 48 अंशावर उतरलं, त्यानेही चर खणला, आणि काही मिळालं नाही. पुढे 2008 मध्ये त्याच पट्ट्यात उल्का पडून ताजे क्रेटर झाले, त्यांच्या तळाशी पांढराशुभ्र, जवळपास शुद्ध बर्फ उघडा पडला आणि काही महिन्यांत फिका होत गेला. त्यावरून शास्त्रज्ञांनी हिशोब केला की व्हायकिंगने अजून दहाएक सेंटीमीटर खणलं असतं तर कदाचित बर्फ लागला असता. दहा सेंटीमीटर! त्यासाठी आपण 32 वर्षं थांबलो.

हे सगळं मी निफाडला काकांना सांगत होते, त्यांचं तेव्हा तिसऱ्या बोअरचं चाललेलं. ते म्हणाले, "मग काय गं, तिथं नारळ हातात घेऊन कोण फिरलं?" तर काका, तिथला पाणाडी म्हणजे शॅरॅड. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानावरचं इटालियन रडार. आणि तो जे करतो ते मला भारी आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगते. ड्यूटेरोनिलस मेन्से भागात डोंगरांच्या पायथ्याशी दगडमातीचे मोठे जिभेसारखे लोट पसरलेत, आणि वाद असा होता की हा नुसता दगडांचा ढिगारा आहे, थोडा बर्फ मुरलेला, की वर मातीची चादर ओढलेली अख्खी हिमनदी आहे. रडारची लहर आत जाते, तळावर आपटून परत येते. लागलेल्या वेळेवरून खोली काढायची तर लहरीचा आतला वेग माहीत पाहिजे, आणि तो आत काय आहे त्यावर ठरतो, बेसॉल्टमध्ये कमी, बर्फात जास्त. बेसॉल्टचा वेग धरला तर तळ उगाच वर उचललेला निघतो. बर्फाचा वेग धरला की तळ बाहेरच्या मैदानाला सपाट रेषेत बरोब्बर जुळतो! शिवाय प्रतिध्वनीही जोरकस येतो, म्हणजे आत माती फार नाही. शेकडो मीटर जाड बर्फ, वर काही मीटरचं पांघरूण.

काका म्हणाले, "आपल्या इकडं चालंल का हे?" नाही चालणार बहुतेक, आपली माती ओली, चिकण, असल्या लहरी पिऊन टाकते. मंगळ कोरडा आणि गारठलेला आहे म्हणून तिथे इतकं खोल दिसतं.

आता 40-45 अंशांवर एवढा बर्फ आला कुठून हा प्रश्न राहतोच. मंगळाचा अक्ष आज 25 अंश कललेला आहे, पण आपल्यासारखा मोठा चंद्र नसल्याने तो खूप डोलतो, आणि कल वाढला की ध्रुवांवरचा बर्फ उडून मधल्या अक्षांशांवर बर्फवृष्टी होऊन साचतो. हा एक वेगळा लांबलचक विषय आहे, परत कधीतरी.

कोणाला स्वतः बघायचं असेल तर त्याच ऑर्बिटरवरच्या हायराईज कॅमेऱ्याचे फोटो फुकट आहेत, एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण 30 सेंटीमीटर. ड्यूटेरोनिलस शोधा, मेंदूच्या वळ्यांसारखी जमीन दिसेल, त्याचं कारण अजून भांडणात आहे. फक्त पूर्ण फाईल फोनवर उघडायला जाऊ नका, शेकडो एमबीची असते, आधी छोटी बघा.