तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क रिकामी, तरी टेम्प फुल कसं?

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी हे विचारतंच, की अहो डिस्कवर 40 जीबी मोकळी आहे आणि सर्व्हर मात्र "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" म्हणून बोंबलतोय. आणि मला विचारायच्या आधी टेम्पमधलं, म्हणजे लिनक्सच्या तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरमधलं, सगळं उडवून रिस्टार्ट मारून झालेलं असतं, म्हणजे बघायला काही उरतच नाही.

आधी डीएफ -एच, म्हणजे किती जागा उरलीय ते सांगणारी कमांड, टेम्पवरच मारा. तिथे टीएमपीएफएस दिसलं तर तुमच्या 40 जीबीचा काही संबंधच नाही, ते टेम्प रॅममध्ये आहे. डेबियन या लिनक्सच्या आवृत्ती 13 पासून, म्हणजे 2025 पासून, तिथे हेच डीफॉल्ट आहे आणि मर्यादा रॅमच्या निम्मी, म्हणजे 8 जीबीच्या मशीनवर मोठा डंप, म्हणजे डेटाची भलीमोठी फाइल, सॉर्ट करायला घेतला की संपलं. मी अशा कामांना टीएमपीडीआयआर, म्हणजे तात्पुरत्या फाइल्स कुठे ठेवायच्या ते सांगणारं सेटिंग, वापरून सरळ डिस्कवरचं व्हार-टेम्प देतो.

टेम्प डिस्कवरच असेल तर डीएफ -आय बघा, ते आयनोड किती उरलेत ते सांगतं; प्रत्येक फाइलच्या नोंदीला एक आयनोड लागतो. हे मी स्वतः एक अख्खी रात्र घालवून शिकलोय. पीएचपीच्या सेशन फाइल्स, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांच्या तात्पुरत्या नोंदी, टेम्पमध्ये साठत होत्या, एकेक जेमतेम काहीशे बाइट्सची, साफ करणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, कधीचा बंद पडलेला, आणि आयनोड 100 टक्के. ईएक्सटी4 या फाइल सिस्टिममध्ये आयनोड किती ते फॉरमॅट करतानाच ठरतं, त्यामुळे गोदाम रिकामं पण नोंदवहीची पानं संपली असा प्रकार. यादी बघायला एलएस मारलं तर ते सॉर्ट करत बसलं, सगळं उडवायला आरएम आणि स्टार मारलं तर "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग". शेवटी फाइल्स शोधणाऱ्या फाइंड कमांडला नाव आणि किती दिवस जुनं ते सांगून -डिलीट लावलं तेव्हा पहाटे सुटका झाली.

फाइल उडवली तरी जागा परत येत नसेल तर ती कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरलीय, एलएसओएफ +एल1 ही कमांड त्या प्रोसेसचं नाव सांगेल, तीच रिस्टार्ट करा.

आणि "परमिशन डिनाइड" आलं म्हणून कृपा करून टेम्पला 777, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊ नका हो. 1777 द्या. तो पुढचा 1 म्हणजे स्टिकी बिट, तो गेला की कोणीही कोणाचीही फाइल उडवू शकतो. आमच्याकडे एकाने दिलं होतं 777. एकाने म्हणजे मीच.