आमची वाटचाल: उद्या सकाळच्या तासासाठी

धुळ्यातलं आमचं दुकान मुळात झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं. जूनच्या मध्यावर शाळा उघडायच्या, त्याच्या आठवडाभर आधीच काउंटरवर शिक्षकांची रीघ लागायची. कुणाकडे तक्त्यांतून कापलेली चित्रं, कुणाकडे स्केचपेननं लिहिलेल्या शब्दपट्ट्या. राज्यात २००० पासून पहिलीला इंग्रजी आली, आणि जे शिक्षक स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले होते त्यांच्यावर ती सहा वर्षांच्या पोरांना शिकवायची पाळी आली. लागणारं साहित्य रात्री घरी, जेवणं उरकल्यावर तयार व्हायचं. ते आम्ही करून द्यायला लागलो, तोच आजचा धंदा: कार्डं, शब्दपट्ट्या, वर्गातल्या बोलण्याची खिशात मावणारी पुस्तिका, वह्या तपासायचा शिक्का, आणि महिन्यातून एका शनिवारी दुपारची बैठक. माणसं चार, कटिंग मशीन एक, लॅमिनेटर दोन.

नवं काही काढायचं म्हटलं की आम्ही एकच गोष्ट तपासतो. द्विशिक्षकी शाळेतल्या सरांसमोर दोन इयत्ता एकत्र बसल्यात, त्यात माहिती भरायचा मोबाईलवर निरोप आलाय. अशा वेळी ही वस्तू पिशवीतून काढून, सूचना न वाचता, लगेच वापरता येईल का? येत नसेल तर छापत नाही. हे शहाणपण चुकांतून आलं. त्या चुका इथे मांडतो, कारण घरी साहित्य करणारे शिक्षक आजही त्याच करताना दिसतात.

पहिली कार्डं एका ए-फोर कागदात चार बसवलेली होती. टेबलावर देखणी, पण मागच्या बाकावरून शब्द वाचता येईना. दहा फुटांना एक इंच अक्षर, हा पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब. वर्गाची खोली वीस फूट धरली तर अक्षर दोन इंच उंच हवं. म्हणून आता ए-फोर लांबीत दुभागून साधारण चार इंच रुंद पट्टी करतो. तिच्यावर सात अक्षरांपर्यंतचा शब्द नीट बसतो. कागद ३०० जीएसएम, म्हणजे पुठ्ठ्यासारखा जाड; त्यावर १२५ मायक्रॉनचा मॅट पाऊच, म्हणजे लॅमिनेशनचं बिनचकाकीचं प्लास्टिक पाकीट. चकचकीत पाऊचवर खिडकीचा उजेड पडला की निम्म्या वर्गाला नुसता पांढरा डाग दिसतो.

लॅमिनेशन करताना बहुतेकजण आधी अख्खा कागद पाऊचमध्ये घालतात आणि मग अक्षराच्या कडेनं कापतात. कागदाची कड उघडी पडते, जुलैत दमट हवा आत शिरते आणि थर सुटतात. आधी कागद कापावा, मग पट्ट्या अंतर ठेवून पाऊचमध्ये मांडाव्यात, आणि कापताना चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर प्लास्टिक राखावं. कोपरे गोल करावेत. टोकदार कोपरा पोरांच्या बोटाला लागतो. मशीनमधून निघालेली गरम पट्टी सपाट फरशीवर वजनाखाली गार होऊ द्यावी. एकाच बाजूला प्लास्टिक लावून पैसे वाचवणाऱ्यांची कार्डं खान्देशच्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या कपाटात, पापडासारखी वळतात. सेलोटेपचंही तेच: मे महिन्यात डिंक पाघळतो, जूनमध्ये भिंतीवर पिवळा पट्टा तेवढा उरतो. चुंबकाची कार्डं मागणारेही येतात. फळा पत्र्याचा असेल तरच चुंबक धरतो, सिमेंटच्या फळ्यावर नाही. खिडकीच्या गजापासून गजापर्यंत सुतळी आणि कपड्यांचे चिमटे, यापेक्षा टिकाऊ सोय अजून आमच्या पाहण्यात नाही.

अक्षराच्या वळणाबाबत मात्र आम्ही हट्टी आहोत. लहान लिपीतल्या छापील 'ए' आणि 'जी' यांची रूपं हातानं लिहायच्या रूपांपेक्षा वेगळी असतात. पहिलीतलं पोर कार्ड बघून लिहितं, त्यामुळे कार्डावर हाताचंच वळण हवं. त्याहून मोठी अडचण देवनागरीतून येते आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आपली अक्षरं शिरोरेषेला लोंबतात, इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात. चाररेघी वहीत मुलं इंग्रजीही वरून टांगतात. मग 'पी'ची शेपटी वरच चढते आणि 'एच' निम्म्यातच संपतो. हा आळशीपणा नव्हे, ती सवय मराठीच्या वहीतून आलेली असते. आमच्या सरावपानावर तिसरी रेघ जाड छापतो आणि तिला 'जमीन' म्हणतो. सगळी अक्षरं जमिनीवर उभी, आणि जी, जे, पी, क्यू, वाय या पाचांचे पाय तळघरात. 'बी' आणि 'डी'ची उलटापालट होते तिथे सुरुवात वेगळी द्यावी: 'बी'त आधी काठी, मग पोट, 'डी'त आधी 'सी'सारखा गोल, मग काठी. दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नयेत. मध्ये तीन आठवडे जाऊ द्यावेत.

वाचनात गाडी अडते ती अक्षरांच्या नावांपाशी. एच, ए, टी ही नावं जोडली तर 'एचएटी' होतं, 'हॅट' काही होत नाही. म्हणून पहिला संच आवाजांचा केला: एस, ए, टी, पी, आय, एन. एवढ्या सहा अक्षरांत टॅप, पॅन, पिन, टिन, सिट, नॅप असे शब्द लागलीच वाचता येतात. एका आठवड्यात दोनच आवाज, आणि जुन्या आवाजांची उजळणी रोज पाच मिनिटं. इथे मराठी कामाला येते. आपल्याकडे ॲ आहे, म्हणून 'बॅट' आणि 'बेट' वेगळे काढता येतात; व आणि व्ह आहेत, म्हणून 'वेट' आणि 'व्हेट' लिहून दाखवता येतात, फक्त 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायला सांगावं लागतं. पण इंग्रजी शब्दाखालीच देवनागरी लिहिलं की मूल देवनागरी वाचतं आणि इंग्रजी वाचल्यासारखं वाटतं. देवनागरी पट्टीच्या पाठीमागे टाकली, तेव्हा शिक्षकांनी तक्रार केली. आम्ही बदलली नाही.

घरची बोली ही दुसरी गोष्ट. साक्री, शिंदखेड्याकडे पोरं अहिराणीत 'मी शे, तो शे' (मी आहे, तो आहे) म्हणतात; दोन्हीकडे एकच 'शे', मग 'आय इज' येणारच. 'मी जास, तो जास' (मी जातो, तो जातो) यातही क्रियापद बदलत नाही, म्हणून 'ही गोज'चा 'स' गळतो. उलट 'मी जाई राहिनू' (मी जात आहे) या बोलण्यात 'आय ॲम गोइंग' आयतंच बसलेलं आहे. ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की चालू काळ एका तासात समजतो. अहिराणी बोलली म्हणून पोराला दटावणारे शिक्षक स्वतःचंच काम वाढवतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे पावरी, भिलोरी बोलणाऱ्या मुलांना मराठीच नवी, इंग्रजी तिसरी. त्यांच्या कार्डावर मराठी अर्थ छापून काय होणार? त्या संचावर फक्त चित्र आहे, आणि चित्रंही इथलीच: केळीचा घड, कपाशीचं बोंड, लाल मिरची, वांगं, बैलगाडी.

खिशातल्या पुस्तिकेत वर्ग चालवायची तीस वाक्यं आहेत: 'ओपन युवर बुक्स', 'हूज टर्न इज इट', 'से इट अगेन' अशी. आठवड्याला पाच, सहा आठवडे. बोलायला कचरणारे शिक्षक खूप आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याच्याशी इंग्रजीत बोलावं असं गावात कुणीच नसतं. पण चौथीपर्यंतचा तास चालवायला अस्खलित इंग्रजी लागत नाही. हीच तीस वाक्यं रोज, न चुकता लागतात. घोडं पेंड खातं ते वेगळ्याच जागी: सर वाक्य बोलतात आणि त्याच दमात मराठीही सांगून टाकतात. मुलं मराठीची वाट बघायला शिकतात. वाक्य बोलावं, हातानं खूण करावी, मनात पाच आकडे मोजावेत, एका मुलाकडून कृती करून घ्यावी. मराठी सगळ्यात शेवटी, तेही अडलंच तर. सगळ्या वर्गानं एकासुरात म्हणण्यावरही विसंबू नये. त्या आवाजात न बोलणारी पाच पोरं सुखानं लपतात.

हायस्कूलच्या शिक्षकांचं दुखणं वह्यांचं. साठ वह्या, वहीला तीन मिनिटं, म्हणजे तीन तास. आमच्या पहिल्या रबरी शिक्क्यावर चुकांचे नऊ प्रकार होते. तो कुणी वापरला नाही. आता चारच चौकोन आहेत: काळ, क्रियापद, स्पेलिंग, विरामचिन्ह. एका दिवशी एकच चौकोन पाहायचा, चूक अधोरेखित करायची आणि दुरुस्ती मुलानं करायची. वहीला चाळीस सेकंद लागतात, साठ वह्या चाळीस मिनिटांत होतात. निबंध रक्तबंबाळ करून परत दिला तर मूल फक्त गुण बघतं.

हिशेबाचं थोडक्यात. शाळेच्या नावानं बिल हवं असेल तर मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीच्या सह्या होईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे जूनचा माल बऱ्याचदा उधारीवर जातो. शिक्षक स्वतःच्या खिशातून घेत असतील तर सुटी पट्टीही देतो, अख्ख्या संचाची सक्ती नाही.

शनिवारची बैठक दीड तासाची. एकजण पुढच्या आठवड्यातला धडा दहा मिनिटं शिकवून दाखवतो, बाकीचे विद्यार्थी होतात. बोलायचा क्रम ठरलेला: आधी काय जमलं ते, मग एकच सुधारणा. भाषण कुणाचंच नाही. अधिकारी आले तर त्यांनीही विद्यार्थी म्हणून बसायचं. चहा आमचा.

सध्या हाती असलेलं काम ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांसाठीचं आहे. दिवाळीनंतर नंदुरबार भागातली बरीच कुटुंबं निघतात आणि मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांच्यासाठी सहा पानांची पुडी करतोय: चाळीस शब्द, दहा वाक्यं, एक जाड रेघेचं सरावपान, आणि शेजारच्या मुलानं वाचून दाखवायच्या दोन गोष्टी. सरांनी रोज दहा मिनिटं द्यायची, पंधरा दिवस. पहिल्या नमुन्यात शब्द साठ होते. ते दहा मिनिटांत बसत नाहीत, म्हणून वीस काढले.